गाडी वळली की घरघर: ऑल-व्हील-ड्राइव्हच्या आवाजांमागे लागलो त्याच्या नोंदी

१२ जानेवारी

आधी गाडीची बांधणी सांगतो, म्हणजे यातलं तुमच्या गाडीला काय लागू होतं ते तुम्हाला ठरवता येईल. इंजिन आडवं, पुढची चाकं कायम ड्राइव्हवर, मागच्यांना लागेल तेव्हाच ताकद जाते. मध्ये दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (पुढून मागे ताकद नेणारा लांब दांडा), आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) केसिंगमध्येच प्लेटांचा क्लच, तो कधी दाबायचा कधी सोडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. टायर २१५/६५ आर १६. गाडी लाखाच्या वर फिरलेली.

तक्रार काय तर वळताना आवाज येतो. एवढंच सांगून गॅरेजला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "सीव्ही गेला" (सीव्ही म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा सांधा, चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा). गाडी जॅकवर न घेताच सांगून मोकळे. दुसरीकडे गेलो तर त्याने मागचं बेअरिंग सांगितलं, तेही चहूबाजूंनी न बघता. दोघांचं ऐकलं असतं तर दोन्ही ॲक्सल आणि दोन्ही बेअरिंग बदलून झाली असती आणि खर्च बघून डोळे पांढरे झाले असते. म्हणून म्हटलं आपणच बघू, घाई नाही, रोज जायला-यायला दुसरी सोय आहे.

आज फक्त गाडी चालवली आणि प्रत्येक आवाजाला लिहून काढलं. इंजिन थंड की गरम, डावीकडे की उजवीकडे, पुढे की रिव्हर्स, ॲक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला. हे लिहायला लागल्यावरच कळलं की आवाज एक नाहीच, तीन आहेत. पहिला टक-टक-टक, फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून, हळू वळताना, पाय दाबला की जोरात, सोडला की कमी, थंड-गरम काही फरक नाही. दुसरा घर्र-घर्र आणि त्याच्याबरोबर सीटखाली थरथर, पार्किंगमधून बाहेर काढताना किंवा यू-टर्नला, पण गाडी वीसेक मिनिटं चालल्याशिवाय अजिबात नाही. तिसरा एकसुरी हूंऽऽ, साठच्या पुढे, लांब वळणावर वाढतो आणि सरळ रस्त्यावर पण थोडा असतोच. इतके दिवस मी या तिघांना मिळून "वळतानाचा आवाज" म्हणत होतो, आणि मेकॅनिकलाही तेच सांगत होतो, मग तो तरी काय करणार.

१३ जानेवारी

सगळ्यात स्वस्त टेस्ट आधी. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला, भावाला आत बसवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि मी पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर हात ठेवून बसलो. वरचं माउंटिंग गेलं असेल तर स्प्रिंग पीळ खाते आणि टण्णकन सुटते, ते हाताला लगेच कळतं. काही नाही. कुठे कट् नाही की कुर्र नाही. चाकं फिरत नसताना आवाज येत नाही म्हणजे स्टिअरिंग आणि माउंटिंगवरचा संशय निम्म्याहून जास्त गेला. ज्यांच्या गाडीत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, फुल लॉकला दाबून धरलं की पंप कण्हतो, तो रिलीफ व्हॉल्व्हचा आवाज, त्याला बिघाड समजू नका.

ब्रेक डिस्कच्या मागचा पातळ पत्रा पण बघितला. त्यात खडा अडकला किंवा तो वाकून डिस्कला घासायला लागला तर वळताना असा काही किंचाळतो की माणूस बेअरिंग बदलून बसतो. माझ्याकडे पत्रे ठीक होते.

१८ जानेवारी

मोकळ्या मैदानात गोल गोल. भाऊ बाहेरून गाडीबरोबर चालत होता (चालत म्हणजे गोलाच्या बाहेरून, लांब राहून, गोलाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही). चाकावर खडूने एक जाड रेघ मारली.

खडू कशासाठी, तर आवाजाची लय पकडायला. या टायरचा घेर गणिताने साधारण २.१५ मीटर येतो, म्हणजे ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वा-एक फेरा घेतं. प्रोपेलर शाफ्ट त्याच्यापेक्षा बराच जोरात फिरतो, डिफरन्शियलचा रेशो जेवढा तेवढ्या पट, अडीच असेल तर अडीच पट. त्यामुळे आवाज चाकाच्या लयीत येत असेल तर सीव्ही, बेअरिंग, ब्रेक, टायर, आणि त्याच्या कितीतरी पट जलद येत असेल तर शाफ्ट आणि त्याचे जॉइंट. मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि घरी हळू करून बघितला, कानाने जे जमत नव्हतं ते यात स्वच्छ दिसलं.

टक-टक खडूच्या रेघेशी बांधलेली निघाली. चाक हळू तर टक हळू. रिव्हर्समध्ये पण येते. डाव्या पुढच्या चाकाजवळ जास्त.

घर्र-घर्रचं मात्र कशाशीच जमेना. कधी लागोपाठ, कधी थांबून, चाकाच्या फेऱ्याशी काही देणंघेणं नाही. मी आत बसून छातीठोक सांगत होतो की हा पण पुढूनच येतोय, तर बाहेरून भाऊ ओरडला, "दादा, पुढून नाही रे, मागच्या बंपरखालून येतोय!" मग जागा बदलल्या. मी बाहेर, तो आत. खरंच मागून. आवाज बॉडीतून फिरत फिरत आत येतो, आतल्या माणसाच्या कानावर जागा सोपवायची नाही.

१९ जानेवारी

गाडी स्टँडवर घेऊन पुढचं बघितलं. सीव्हीचं रबर बूट (ग्रीस आत धरून ठेवणारं घड्यांचं आवरण) चाक सरळ असताना अगदी धडधाकट दिसत होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून घड्या बोटांनी फाकवल्या तेव्हा डाव्या बाहेरच्या बुटाला एका घडीच्या तळाशी बोटभर चीर दिसली, आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा पट्टा उडालेला. चिरेतून थोडं ग्रीस काढून चिमटीत चोळलं तर वाळू कचकच लागली. म्हणजे आतल्या सहा गोळ्या आणि त्यांच्या खाचा कितीतरी दिवस वाळूत दळल्या गेल्यात.

फक्त बूट बदलून नवीन ग्रीस भरायचं का, हा मोह झाला कारण बूट किट अगदी किरकोळ किमतीत येतं. पण टक-टक सुरू झाली याचा अर्थ खाचांत खड्डे पडलेत, नवीन ग्रीसने ते भरून येत नाहीत. बूट फाटल्याचं आवाजाच्या आधी दिसलं तरच नुसता बूट. पूर्ण ॲक्सलऐवजी फक्त बाहेरचा जॉइंट मागवला, कारण आतला जॉइंट चांगला होता: सरळ रस्त्यावर पिकअप घेताना थरथर येत असेल तर आतला बघावा, तसं काही नव्हतं.

२७ जानेवारी

जॉइंट आला आणि परत गेला. स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या लांब खाचांचे) दाते मोजून मागवला होता, शाफ्टची जाडी मोजली होती, पण जुन्या जॉइंटवर एबीएसच्या सेन्सरसाठी दातेरी कडं आहे आणि नवीनवर ते नाहीच. बसवला असता तर बसला असता, चालला पण असता, आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा कायमचा. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये त्या चाकाचा वेग कळला नाही की मागचा क्लच पण बंद होऊ शकतो. म्हणजे एका आवाजाच्या बदल्यात दुसरंच दुखणं. आठवडा वाया. मागवताना फोटो पाठवा, कड्याचे दाते पण मोजा.

२ फेब्रुवारी

जॉइंट बसला. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी जिथे अडलो तेवढंच लिहितो.

ॲक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, कोणीतरी ब्रेक दाबून धरायला हवं. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचला, नाहीतर आटे खराब. पान्याला लांब पाइप लावूनही नट हलेना, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी कर्रकन सुटला. नट काढल्यावर गाडी चाकांवर उभी करून ढकलायची नाही, बेअरिंगला घट्ट धरून ठेवणारा तोच असतो, तो नसताना वजन पडलं की चांगलं बेअरिंग पण वाया जातं.

जॉइंट शाफ्टवरून काढताना पितळेचा ड्रिफ्ट (ठोकायची जाड सळई) घेऊन आतल्या रिंगवरच ठोका द्यायचा, बाहेरच्या वाटीवर नाही. आत सर्क्लिप (खाचेत बसणारी तारेची कडी) असते, ती दबली की जॉइंट सुटतो. दोन-चार हलक्या ठोक्यांनी काही होत नाही, एकदा मनापासून मारावा लागतो. नवीन सर्क्लिप, नवीन नट, किटमधलं ग्रीस सगळं भरायचं, वाचवून ठेवायचं नाही. बूट क्लिप लावण्याआधी एका बाजूने पातळ पेचकस घालून आतली हवा सोडली, नाहीतर बूट फुगतो किंवा चपटा होतो. नटाला मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर), इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळू नका.

संध्याकाळी मैदानात गोल मारले. टक-टक गेली. एकदम साफ. आणि ती गेल्यामुळे मागची घरघर आता जास्तच ऐकू यायला लागली.

३ फेब्रुवारी

एक इशारा. गाडी स्टँडवर घेऊन गिअरमध्ये टाकून आवाज ऐकायचा विचार असेल तर ऑल-व्हील-ड्राइव्हला फक्त पुढची किंवा फक्त मागची चाकं उचलून हे कधीही करू नका, जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळाली की गाडी स्टँडवरून उडी मारते. चारही उचलून मी बघितलं आणि त्यातूनही हाताला काही लागलं नाही. चाकं लोंबकळत असतात म्हणून सीव्ही जॉइंट अशा कोनात जातात ज्यात रस्त्यावर ते कधी नसतात आणि चांगले जॉइंट पण कटकट करतात. वर ट्रॅक्शन कंट्रोल मध्येच एखाद्या चाकाला ब्रेक मारतं. आणि घरघर यायला तर वळणाचा भार लागतो, तो हवेत कुठून येणार. अख्खी दुपार गेली.

८ फेब्रुवारी

आजची टेस्ट सगळ्यात कामाची ठरली, आणि फुकट.

मागच्या क्लचला वीज नेणारा एक कनेक्टर डिफरन्शियलवर असतो. गाडी चांगली गरम केली, मैदानात घरघर काढून दाखवली, मग इग्निशन बंद, कनेक्टर काढला, पुन्हा चालू. डॅशवर ऑल-व्हील-ड्राइव्हचा दिवा लागला, अपेक्षितच होतं. तेच गोल, तोच वेग. आवाज नाही. थरथर नाही. परत लावला, दिवा गेला, घरघर हजर. पुन्हा काढला, गेली. असं उलटसुलट करून खात्री केली कारण एकदा आवाज आला नाही यावर माझा विश्वास नाही.

याचा अर्थ काय ते नीट समजून घ्या. कनेक्टर काढला तरी प्रोपेलर शाफ्ट पुढून फिरतच असतो आणि मागचं डिफरन्शियल मागच्या चाकांमुळे फिरतच असतं, फक्त त्यांच्यात भार जात नाही. म्हणजे एकतर क्लच ओरडतोय किंवा भार आल्यावर दुसरं काहीतरी. पण फक्त तीव्र वळणावर आणि फक्त गरम झाल्यावर, चाकाच्या लयीशी संबंध नाही, हे सगळं धरलं तर बोट क्लचकडेच जातं.

वळणातच का, तर मागच्या ॲक्सलच्या मध्याने ५ मीटर त्रिज्येचा गोल मारला आणि व्हीलबेस २.६ मीटर असला तर पुढच्या ॲक्सलचा मध्य साधारण ५.६ मीटरच्या गोलावरून जातो. पुढच्या चाकांना बारा टक्क्यांच्या आसपास जास्त अंतर कापायचं. हा फरक क्लचच्या प्लेटांनी एकमेकींवर सरकून खायचा असतो. ऑइलमध्ये त्यासाठी खास घटक असतात, ते संपले की प्लेटा सरकण्याऐवजी चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात, तीच घर्र-घर्र.

ज्यांच्या गाडीत कायमची ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि मध्ये उघडं सेंटर डिफरन्शियल आहे त्यांना ही कनेक्टरची युक्ती लागू नाही. तिथे प्रोपेलर शाफ्ट काढून बघायला गेलात तर गाडी जागची हलणारच नाही, सगळी ताकद रिकाम्या बाजूला जाते. माझ्यासारख्या गाडीत शाफ्ट काढून टेस्ट करता येते, पण फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाच्या बोल्ट लावायच्या चकतीवर) रंगाने खुणा करून मगच बोल्ट काढा, नाहीतर बॅलन्स बिघडून नवीन गुणगुण मागे लागते. मला त्याची गरज पडली नाही.

१५ फेब्रुवारी

मागचं ऑइल. नियम पहिला: आधी भरायचा प्लग उघडून बघा, मगच ड्रेनचा. भरायचा उघडलाच नाही आणि तुम्ही ऑइल सोडून दिलंत तर गाडी तिथेच अडकली. माझा भरायचा प्लग असा बसला होता की ॲलन की गोल फिरायला लागली. तिथेच थांबलो, आतला गंज तारेच्या ब्रशने साफ केला, तेल मारलं, सॉकेट हातोडीने ठोकून आत बसवला आणि मग जोर लावला, सुटला. गडबडीत त्याची खाच गोल झाली असती तर ड्रिल-वेल्डिंगपर्यंत गेलं असतं.

निघालेलं ऑइल काळं, पातळ, जळका वास. चुंबकाच्या प्लगवर राखाडी मऊ लेप, बोटाने पसरवला तर गुळगुळीत. हा लेप चालतो, चमकणारे तुकडे किंवा कपच्या मिळाल्या तर गिअर-बेअरिंग गेलं समजा आणि ऑइलने काही होणार नाही.

कुठलं ऑइल यावर मात्र तडजोड नको. "त्यात काय, नव्वदचं घाला" असा सल्ला मला एका गॅरेजात मिळाला. साधं ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल दातांसाठी असतं, या प्लेटांसाठी नाही. होंडाच्या ड्युअल-पंप डिफरन्शियलला त्यांचं वेगळं ऑइल लागतं, हॅल्डेक्स जातीच्या कपलिंगला (मागच्या चाकांना ताकद जोडणारा तसाच प्लेटांचा क्लच) कपलिंगचं वेगळं आणि शेजारच्या डिफरन्शियलचं वेगळं, प्लग पण वेगवेगळे, आणि चुकीच्या प्लगमध्ये चुकीचं ऑइल गेलं की दोन्हीकडे नुकसान. हॅल्डेक्सच्या काही पिढ्यांत पंपाला जाळी असते ती पण साफ करावी लागते. काही कपलिंग तर सीलबंद, त्यांचं ऑइल बदलायची सोयच नसते. मॅन्युअलमध्ये पार्ट नंबर असतो, तोच घ्या. महाग वाटतं, पण सीव्ही जॉइंटच्या मानाने किरकोळ.

गाडी समतल ठेवून भरायच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं, नवीन वॉशर, टॉर्क. मग मैदानात इंग्रजी आठचे आकडे, हळू, दोन्ही बाजूंना, गरम होईपर्यंत. प्लेटांच्या मध्ये जुनं ऑइल अडकून राहतं ते असं हलवल्याशिवाय बाहेर येत नाही.

१६ फेब्रुवारी

कालचं ऑइल सोडून पुन्हा नवीन भरलं. एका दिवसाचं ऑइल चहासारखं निघालं, म्हणजे जुनं किती राहिलं होतं बघा. पहिल्यांदा जी बाटली उरते तिच्यात भागत नाही, मागवतानाच दुप्पट मागवा.

घरघर शून्य. गरम, थंड, डावीकडे, उजवीकडे, रिव्हर्स, काहीच नाही. हूंऽऽ अजून आहे, त्याचं नंतर बघू म्हटलं, ते अंगावर येत नव्हतं.

१४ मार्च

घरघर परत आली.

हायवेने लांब जाऊन आलो आणि घराच्या वळणावर, हलकीशी, पण ओळखीची. डोकंच फिरलं. ऑइल बरोबर होतं, पातळी बरोबर होती, महिनाही धड झाला नव्हता.

गाडी उभी करून लगेच खाली वाकलो आणि केसिंगजवळ हात नेला. धग लागत होती, टेकवायची हिंमत झाली नाही. सायलेन्सरची उष्णता वगळायला इन्फ्रारेड थर्मामीटरने बघितलं: केसिंगचा क्लचचा भाग सायलेन्सरपासून लांब असूनही गिअरच्या भागापेक्षा स्पष्ट गरम. सरळ हायवेवर एका वेगाने चालताना या क्लचला जवळपास काही काम नसायला पाहिजे. तरी तो तापतोय म्हणजे सरळ जातानाही तो सरकतोय. आणि सरळ जाताना पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे वेगळे पडायला कारण एकच.

१५ मार्च

टायर. पुढचे दोन गेल्या वर्षी बदललेले, मागचे जुने. नक्षीची खोली मोजली: पुढे ७ मिमी, मागे ४. दोन्ही गोटा नाहीत, दोन्ही कायद्यात बसतात, म्हणून कधी लक्षच गेलं नव्हतं.

३ मिमी त्रिज्येत म्हणजे घेरात गणिताने १९ मिमी. प्रत्यक्षात टायरच्या आतला स्टीलचा पट्टा ताणत नाही म्हणून फरक थोडा कमी येतो, तर मोजूनच बघितलं. चारही टायरमध्ये हवा सारखी केली, टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ, गाडी सरळ ढकलत पाच फेरे, पुन्हा जमिनीवर रेघ, टेप लावला. एका फेऱ्यावर मोजू नका, रेघेच्या जाडीतच फरक बुडतो. मागचं चाक पाच फेऱ्यांत सात-आठ सेंटिमीटर मागे पडलं. म्हणजे दर फेऱ्याला १५ मिमी, आणि दर किलोमीटरला चाकाच्या तीनेक फेऱ्यांचा फरक. ऐकायला फालतू वाटतं. पण हा फरक हायवेवर तासन् तास, एक क्षणही न थांबता त्याच प्लेटांनी खायचा. सुबारू चारही टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे साधारण ६ मिमी. माझा त्याच्या दुपटीच्या वर.

म्हणजे ऑइल आपोआप खराब झालं नव्हतं, ते शिजत होतं. नवीन घातलं ते पण शिजायला लागलं.

हात घातलाच आहे तर तिसऱ्या आवाजाचं पण बघितलं. मागच्या टायरवर तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखं अडकतं. मागचं बेअरिंग सांगणाऱ्याचं कारण होतं की डावीकडे वळताना आवाज वाढतो म्हणून उजवं बेअरिंग. नियम बरोबर आहे, डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, पण भार बेअरिंगवर जातो तसा टायरवरही जातो. चाक उचलून स्प्रिंगवर बोटं ठेवून हाताने फिरवलं: बेअरिंग खडबडीत असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक झिणझिण लागते, ती नव्हती. वर-खाली धरून हलवलं, खेळ नाही. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून चक्कर मारली. हूंऽऽ पुढून यायला लागला. बेअरिंग कुठे जागा बदलत नाही, तेव्हा टायरच. चार नट काढायच्या कामात दोन बेअरिंगचे पैसे वाचले.

२२ मार्च

चारही टायर नवीन, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच. पुढच्यांचं बरंच आयुष्य बाकी होतं, ते जिवावर आलं. ४ मिमीच्याच आसपास नक्षी असलेले वापरलेले दोन शोधून लावायचा पर्याय होता, पण मागच्यांच्या दातेरीपणामुळे तेही चालले नसते. अलाइनमेंट केलं, कारण टायर असे दातेरी होण्यामागे ते असू शकतं आणि मागच्या उजव्या चाकाचं टो (वरून बघताना चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन) खरंच मापाबाहेर निघालं.

मागचं ऑइल पुन्हा बदललं. निघालेलं परत गडद, पण जळका वास कमी.

५ एप्रिल

तोच हायवे, तेवढंच अंतर, उतरल्या उतरल्या खाली वाकलो. केसिंगवर तळवा टेकवून ठेवता येतो. घरघर नाही, हूंऽऽ नाही.

आता एवढी शांतता झाल्यावर एक नवीनच सापडलं. रिव्हर्स घेऊन मग पुढे निघताना, स्टिअरिंग वळलेलं असेल तर, एकच टक्. लागोपाठ नाही, दिशा बदलली की एकदाच. डाव्या पुढच्या चाकातून. नवीन जॉइंट इतक्यात गेला का म्हणून पोटात गोळा आला, पण गेलेला जॉइंट फेऱ्याफेऱ्याला वाजतो, दिशा बदलताना एकदा वाजून गप्प बसत नाही. हा जॉइंटचा खांदा बेअरिंगच्या आतल्या रिंगवर कोरडा घसरतोय.

१२ एप्रिल

नट काढला, जॉइंट थोडा मागे सरकवला. खांद्यावर चकचकीत घासल्याचा गोल दिसला. दोन्ही तोंडं पुसून कोरडी केली, मॉलिब्डेनमच्या पेस्टचा अगदी पातळ हात खांद्यावर आणि स्प्लाइनवर, आट्यांना लागू दिली नाही कारण त्याने टॉर्क चुकतो. नट पुन्हा नवीन. टक् गेलं. फेब्रुवारीत जॉइंट बसवतानाच हे केलं असतं तर एक नट आणि एक सकाळ वाचली असती, करणाऱ्यांनी तेव्हाच करून टाका.

खाली होतो म्हणून मागच्या डिफरन्शियलच्या बुशमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारात) लांब लिव्हर घालून हलवून बघितलं. उजव्या बुशच्या रबराला कडेने तडा आहे, अजून आरपार नाही. आवाज काही येत नाही, आला तर ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर धप्प असा येईल. बुश मागवून ठेवलाय. टायरची खोली दर पाच हजार किलोमीटरला मोजून पुढचे-मागचे अदलाबदल करणार, आणि त्याच वेळी ऑइलचा रंग बघणार.